न मागता दिलेलं पाणी

गेल्या ऑगस्टात वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस मिरजेत होतो. मिरजेच्या दवाखान्यांत निम्मी गर्दी कानडी मुलखातली असते. अथणी, जमखंडी, रायबाग, थेट विजापूरपासून माणसं डबा आणि अंथरूण बांधून येतात, आणि औषधाच्या दुकानातल्या पोरापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. बाहेर पावसाची झड लागली होती. हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा ढीग, फिनेलचा आणि ओल्या घोंगड्याचा मिसळलेला वास, आणि भिंतीवरच्या टीव्हीत खालून सरकणारी पट्टी: सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांकडे, कोयना धरणातून विसर्ग वाढवला. आमच्या भागात पावसाळाभर ही पट्टी क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोराबाळांनाही पाठ असतं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अलमट्टीवाल्यांनी दरवाजं धरून ठेवल्यात, दुसरं काय." अलमट्टी म्हणजे खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण; त्याचं पाणी मागं तुंबून आमच्याकडं पूर येतो ही इकडची जुनी तक्रार. दोघातिघांनी माना हलवल्या. मीही हलवली. नुसती हलवून थांबलो नाही, "ते कशाला सोडतील?" असं वर म्हणालोसुद्धा.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, मांडीवर स्टीलचा डबा. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "आमी अलमट्टीवालेच की."

मागची रांग गप्प झाली. एकजण उगाच खाकरला. म्हातारे माझ्याकडे वळले, आणि आता ते फक्त माझ्याशीच बोलत होते. "ऑगस्टात तुमी न मागता देताय. मे म्हैन्यात मागून बी देत न्हाई. मग आमी धरून ठिवलं तर चुकलं काय, सांगा की."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही धड सुचलेलं नाही.

ते बागलकोटचे होते. म्हणजे जुन्या बागलकोटचे, हा फरक त्यांनी मुद्दाम सांगितला. अलमट्टीचं पाणी मागं पसरत आलं तसं जुनं गाव खालच्या अंगानं बुडत गेलं आणि सरकारनं माळावर नवनगर वसवलं. रस्ते रुंद, घरं सेक्टरमध्ये, पत्ता नंबरानं सांगायचा. "पोस्टमनला सापडतंय, पावण्यास्नी सापडत न्हाई," असं म्हणून ते हसले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या गल्लीतले चौथरे उघडे पडतात. एका मे महिन्यात ते नातवाला घेऊन गेले आणि चिखलात उभं राहून स्वयंपाकघर कुठं होतं ते त्याला दाखवलं. ज्या धरणाच्या नावानं आम्ही दर पावसाळ्यात बोटं मोडतो, त्यानं आधी त्यांचंच घर गिळलं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अलमट्टी म्हणजे आमच्यासाठी एक पातळी: ५१९.६० मीटर, आणि ती ५२४.२५६ करणार म्हणून होणारे मोर्चे. त्या साडेचार मीटरच्या फरकात आणखी कुणाची स्वयंपाकघरं येतात, हा प्रश्न आमच्या निवेदनांत नसतो. त्यांच्या बायकोचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते उठले, जाताना डबा उघडून एक कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर शेंगाचटणी. थोड्या वेळानं वडील डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आले. "कुणाशी बोलत होतास रे एवढा?" त्यांना आवाजावरून अंदाज आला असावा. मी म्हणालो, "अलमट्टीवाले होते."

माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. गाव मात्र जतकडचं. आईचं लग्न म्हणजे, आजीच्या भाषेत, पोरीला उन्हात घातल्यासारखं झालं. दोन्हींत पुरतं दीडशे किलोमीटरचंही अंतर नाही, जिल्ह्याची हद्द एकदाच ओलांडायची. पण आजोळी पहाटे उठलं की दारातून नदीचा गारवा आत यायचा, उसाच्या पाल्याचा आणि गुऱ्हाळाचा वास यायचा. आणि गावी पहाटे जाग यायची ती टँकरच्या हॉर्ननं. गावाकडची आजी मला घमेल्यात बसवून आंघोळ घालायची. ते पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला, ते पुढं परसातल्या शेवग्याला. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जतच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, तोही मनात आलं तर. आई अजून पुण्याच्या घरात, चोवीस तास नळ असताना, पाहुण्यांच्या ग्लासात उरलेलं पाणी तुळशीत नेऊन ओतते. ही सवय तिला माहेरानं लावलेली नाही.

म्हाताऱ्यांचं वाक्य मनात घोळत होतं तसतशी मला एक रात्र आठवायला लागली. तेरा-चौदा वर्षांचा असेन, जानेवारीची सुट्टी जोडून आजोळी गेलो होतो. मामा म्हणाला, "चल भाच्या, दारं धरायला." नदीवरनं उपसा करणारी सहकारी पाणीपुरवठा संस्था होती, पाइपातून पाणी माळावरच्या हौदात आणि तिथून पाटानं शेतोशेत. लाईट रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीचं. पाटकऱ्यानं मामाची पाळी अकरा ते तीन लावलेली. ज्यानं रात्री उसात दारं धरली नाहीत त्याला ती थंडी सांगून कळत नाही. पायाच्या बोटांना चिखल आधी गार लागतो, मग लागायचा बंद होतो. पाल्याच्या कडा कानाला चिरत जातात. आणि अंधारात डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त असते: सरीतून पाणी चाललं की कोरड्या मातीत ते आधी फुसफुसतं, मग बुडबुडतं, आणि सरी भरत आली की एकदम गप्प होतं. गप्प झालं की खोऱ्यानं एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं. मामा नुसत्या आवाजावर सांगायचा, "भरली. पुढची मोड."

साडेबाराच्या सुमारास पाणी बारीक झालं. मामानं शिवी हासडली आणि बॅटरी घेऊन आम्ही पाटाच्या कडेनं वर चढलो. वरच्या रानात बांधाला हातभर भगदाड होतं आणि अर्धं पाणी तिकडं वळलेलं. बांधावर घोंगडं पांघरून वरच्याचा पोरगा उभा होता. "उंदरानं पाडलंय वो," तो म्हणाला. मामा म्हणाला, "उंदराला खोरं कुणी दिलं?" मग तिथंच गुडघाभर चिखलात उतरून पाला आणि माती दाबून त्यानं ते बुजवलं, दहा मिनिटं वरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि आम्ही खाली आलो. मला मामाचा फार अभिमान वाटला. न्याय म्हणजे काय ते त्या रात्री मला स्वच्छ दिसलं होतं.

तीनच्या आधीच खालच्या रानाच्या बांधावर एक बाई येऊन उभी राहिली. सगळे तिला आक्का म्हणायचे. नवरा वारलेला, पोरं लहान, सव्वा एकर ऊस. पदर कानावरून घट्ट ओढलेला, हातात खोरं. मामाच्या दोन सऱ्या राहिल्या होत्या. आत्यानं दिलेलं नवं घड्याळ माझ्या मनगटावर होतं, त्याचे काटे अंधारात हिरवे चमकायचे. त्यात तीन वाजले, सव्वातीन झाले. मामा तिकडं बघतच नव्हता. शेवटी तो म्हणाला, "अजून धा मिन्टं हैत आक्का." आक्का काही बोलली नाही. बांधावर उकिडवी बसली. मी माझं घड्याळ पुढं केलं तर मामानं डोळा मिचकावला आणि हळूच म्हणाला, "माझं मागं असतंय." साडेतीनला त्यानं दार मोडलं. पाचला लाईट जायची. म्हणजे आक्काला दोन तासांऐवजी दीड मिळाले, आणि आक्काच्या खाली कुणीच नव्हतं जिच्याकडून तिला तो अर्धा तास काढून घेता आला असता.

मामा वाईट माणूस नव्हता. आक्काच्या पोरीच्या लग्नात दोन पोती साखर त्यानंच दिली.

मोठेपणी मी जेव्हा कृष्णेच्या पाणीवाटपाबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला त्या कागदांत आधी मामाचं घड्याळच दिसलं. १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला, १९७३ मध्ये त्याचा निवाडा आला, १९७६ मध्ये तो राजपत्रात छापला. शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी हमखास येईल इतकं पाणी धरलं तर नदीत २०६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. शेताला दिलेलं पाणी जिरतं आणि पाझरून काही परत नदीत येतं, त्याचाही हिशेब केला आणि आकडे ५८५, ७३४, ८११ झाले. हे वाचताना मला त्या न्यायमूर्तींबद्दल खरंच आदर वाटला. पाझर मोजणारा माणूस कधीतरी बांधावर उभा राहिला असावा, किंवा निदान बांधावर उभं राहणाऱ्यांचं त्यानं नीट ऐकलं असावं.

पण त्या निवाड्यात एक तत्त्व आहे, त्यावर मी अडतो. जुने वापर शाबूत. ज्यांनी आधी कालवे काढले, आधी धरणं बांधली, त्यांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेलं वाटायचं. व्यवहाराच्या दृष्टीनं दुसरं काय करणार? १८५५ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, इंग्रजांनी बंधारा घातला आणि त्रिभुज प्रदेशातली भातशेती शंभर-सव्वाशे वर्षं त्याच्यावर जगली. ती उद्या बंद कर असं कुणी सांगू शकत नाही. मात्र याच न्यायानं ज्याच्या रानात तोवर पाटच गेला नव्हता त्याची तहान उशिरा आलेली ठरते. जत १९६० सालीही तहानलेलंच होतं. त्याच्या तहानेची नोंद करायला तिथं कालवा नव्हता इतकंच. तहान कितीही जुनी असली तरी तो 'वापर' होत नाही.

पुढं २००४ मध्ये दुसरा लवाद आला, ब्रिजेशकुमारांचा. त्यानं २०१० च्या अखेरीस पंच्याहत्तरऐवजी पासष्ट टक्के भरवशाचं पाणीही वाटायला घेतलं, महाराष्ट्राचा आकडा ६६६ केला आणि अलमट्टीला ५२४.२५६ पर्यंत जाऊ दिलं. २०११ पासून तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत आहे. मधल्या काळात आंध्रचे दोन तुकडे झाले आणि आता त्या दोघांमधली वाटणी त्याच लवादापुढं आहे. भाऊ वेगळे झाले की पाटाच्या पाण्याचे तास पुन्हा मोडावे लागतात, तसंच. या सगळ्यावर वडिलांचं एकच मत आहे. ते आयुष्यभर शाळामास्तर होते, त्यामुळे मतही गणितातून येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा ते मला मुद्दाम स्टेशनवर घेऊन गेले होते. पहिली गाडी दहा वाघिणींची गेली, मग पन्नास वाघिणींची सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. लोक मोबाइलवर फोटो काढत होते, वाघिणीच्या झाकणातून पाणी ठिबकलं की पोरं हात धरत होती. वडिलांनी पाकिटावर आकडेमोड केली. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटरच्या वर. म्हणजे अशा अकरा हजार गाड्या. रोज एक सोडली तर एकतीस वर्षं. "आणि हे तिघं," ते म्हणाले, "शेकड्यात भांडतात." मग त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जतला रूळ नाहीत म्हणून बरं. नाहीतर आपणही फोटो काढले असते."

त्यांच्या या बोलण्यात कडवटपणा आहे आणि तो कर्नाटकाबद्दलचा नाही. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडं पोफळीला पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, बच्छावतांनीच घालून दिलेली ही मर्यादा. पूर्वेकडं जाणारी नदी आम्ही पश्चिमेला वळवली आणि दिवे लावले. त्या दिव्याखाली मी शिकलो, हे लिहितोय तोही पंखा कुठून फिरतो मला ठाऊक नाही, त्यामुळे फार तोंड वर करून बोलता येत नाही. पण 'वरच्यानं पाणी अडवलं' ही तक्रार कर्नाटकाची महाराष्ट्राबद्दल आहे, तेलंगणाची कर्नाटकाबद्दल आहे, आणि वडिलांची शिरोळ-वाळव्याच्या उसाबद्दल आहे. पहिल्या दोन तक्रारींना लवाद मिळतो. तिसरीला मिळत नाही, कारण ती घरातली आहे. सासरच्या माणसांपुढं बोलायची नसते. मामा आणि वडील एकमेकांशी आयुष्यभर फार अदबीनं वागले, पण ऊस हा विषय निघाला की वडील उठून चपला शोधायला लागायचे.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. मामाचं गाव चारी बाजूंनी वेढलं. फोन लागत होता तोवर त्यानं सांगितलं की म्हशींची दावी कापून सोडून दिल्या, आता माळ्यावर बसलोय, खाली फ्रीज तरंगतोय आणि भिंतीवर आपटतोय, रात्रभर दार वाजवल्यासारखा आवाज येतोय. ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली त्या दिवशी त्याचा फोन बंद होता, आईनं देवापुढं पाणी ठेवलं आणि स्वतः प्यायली नाही. त्याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला. दादा, टँकरची खेप चुकली, तहसीलमध्ये कुणी ओळखीचं आहे का. एका कानाला पूर आणि एका कानाला टँकर, मधे माझं डोकं. नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं कमी दिवसांत कोसळलेल्या पावसावर आणि पूररेषेत आपणच केलेल्या बांधकामांवर बोट ठेवलं. अलमट्टीचा वाटा किती यावर तज्ज्ञ अजून भांडतात, आणि मला पाण्याच्या फुगवट्याचं गणित येत नाही. एवढं मात्र दिसतं की अलमट्टीवर बोट ठेवलं की नदीच्या कुशीतला भराव, त्यावरचं मंगल कार्यालय आणि त्याचा मालक हे सगळे बोटाच्या आड जातात.

पाणी ओसरल्यावर मी आजोळी गेलो. ऊस आडवा, तपकिरी, आंबलेला. त्याचा वास महिनाभर नाकातून गेला नाही. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर चिखलाची रेघ. मामा म्हणाला, "आयुष्यभर वरच्याला शिव्या दिल्या. आता खालच्याला देतोय. मधी असल्यावर दुसरं काय करायचं?" हे त्यानं विनोदानं म्हटलं की नाही ते मला कळलं नाही. त्या रात्रीच्या घड्याळाबद्दल विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. फ्रीज गेला होता, म्हशी गेल्या होत्या. ती विचारायची वेळ नव्हती.

आणि मग २०२२ चा डिसेंबर. सीमाप्रश्न तापला होता, जतची सीमेवरची गावं आपली असल्याचं कर्नाटकचे मुख्यमंत्री म्हणाले होते, त्या गावांनी पूर्वी पाण्यासाठी कर्नाटकात जायचे केलेले ठराव पुन्हा टीव्हीवर वाचले जात होते. त्या गदारोळात कर्नाटकानं आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सोडलं आणि ते उतारानं तिकोंडीकडं, जतच्या हद्दीत आलं. चुलतभावानं व्हिडिओ पाठवला. कोरड्या ओढ्यातून मातकट पाण्याची जीभ पुढं सरकतेय, पुढं फेस आणि काटक्या, बाजूनं पोरं पळतायत, कुणीतरी चपला हातात घेतल्यात, आणि मागून बाईचा आवाज, "आलं गं, आलं!" वडिलांनी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा बघितला. चेहऱ्यावर आनंद होता आणि ओशाळलेपणही, शेजाऱ्यानं पोराच्या हातावर पैसे ठेवले की होतं तसं. टीव्हीवर तो राज्याचा अपमान आहे की डाव आहे यावर चर्चा चालू होती. वडील म्हणाले, "पाणी कुठलं आहे?" मी म्हणालो, कृष्णेचंच. खाली तुबचीजवळ उपसून इकडं आणतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या मामाच्या दारावरनंच गेलंय की हे."

महाबळेश्वरला उगम पावलेलं पाणी सांगलीवरून, मामाच्या रानाकडेनं, राजापूरचा बंधारा ओलांडून परराज्यात गेलं, तिथं पंपानं वर चढलं आणि ओढ्यानं आमच्या गावच्या बाजूला परत आलं. आपल्याच जिल्ह्यातून सरळ यायला त्याला इतकी वर्षं वाट सापडली नव्हती. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी जतच्या बऱ्याच गावांना आता मिळतं, उरलेल्यांसाठी विस्तारित योजना चालू आहे, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं, वडिलांना ते सांगितलं की ते म्हणतात, "माझं घड्याळ मागं आहे." नाही, हे त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांना ती गोष्ट माहीतच नाही. हे माझ्या मनात येतं.

या मे महिन्यात आजोळी जाताना मी वाट वाकडी करून राजापूरच्या बंधाऱ्यावर गेलो. कृष्णेवरचा महाराष्ट्रातला हा शेवटचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा; याच्या खाली नदी कर्नाटकची. दुपारचे साडेतीन. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, हिरवट, जड. त्यात म्हशी बुडून फक्त नाकपुड्या वर. काठानं मोटारींचे पाइप ओळीनं पाण्यात उतरलेले, गोठ्यातल्या गुरांनी गव्हाणीत तोंडं घालावीत तसे. खालच्या अंगाला खडक उघडे, डबकी, वाळूत कोरडे शिंपले. मोऱ्यांना बर्गे घातलेले. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी असायच्या आणि मधे माती ठोकून भरायची, आता लोखंडी आहेत. दिवाळीच्या आगेमागे घालायचे, जूनच्या तोंडावर काढायचे. उन्हाळ्यात कर्नाटकाकडून कोयना-वारणेतलं पाणी सोडा म्हणून पत्र येतं तेव्हा ते इथूनच जातं, नाही सोडलं तर इथंच थांबतं. म्हाताऱ्यांचा मे महिना तो हाच.

बंधाऱ्यावर एक माणूस कट्ट्याच्या सावलीत बसला होता. डोक्याला टॉवेल, शेजारी पाण्याची बाटली आणि काठी. रात्री कुणी बर्गे उचकटू नयेत म्हणून पाहरा असतो म्हणाला. "खालची येत्यात का?" मी विचारलं. "खालची येत्यात, मधली बी येत्यात. कुणाचा ऊस वाळायला लागला की कोण बी येतंय." मी वाकून बघितलं. दोन बर्ग्यांच्या फटीतून पाणी गळत होतं. बोटभर धार, खाली खडकावर पडून त्याचा हातभर ओला पट्टा, पट्ट्यावर शेवाळ, आणि तिथं दोन धोबीपक्षी शेपट्या हलवत फिरत होते. मी म्हणालो, "गळतंय." तो म्हणाला, "गळणारच. सगळं कुटं बसतंय?" जरा थांबून म्हणाला, "एवढं जाऊ द्याचं."

मग त्यानं विचारलं, "कुठलं तुमी?"

साधा प्रश्न होता. आजोळ सांगितलं असतं तर त्यानं मामाला ओळखलं असतं. पुणं सांगितलं असतं तर विषय संपला असता. मी थोडा वेळ त्या धारेकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "जतकडला."

"जत?" त्यानं टॉवेल झटकून पुन्हा डोक्याला गुंडाळला. "मग हितं काय बघायला आलाय? जतला हितलं पाणी जात न्हाई."